खिडकी माझी, नळ त्याचा

मी, खाली सही करणारा, पेशाने पुस्तकबांधणीवाला, मुलाच्या मते निवृत्त व माझ्या मते अजून नाही, राहणार तिसरा मजला, खिडकीकडची खोली, आज पूर्ण शुद्धीवर असताना, राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणतात. खरोखर नसते तर ते वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटले नसते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा आधीचे रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

वकीलबाईंनी फोनवर सांगितले ते असे. सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत आणि त्यांनी ती डोळ्यांनी पाहायला हवी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याला साक्षीदार करायचे नाही. केले तर त्याच्यापुरते ते कलम गेले. खोडाखोड केली तर शेजारी सही करायची.

एक साक्षीदार, खालचा इस्त्रीवाला, स्टुलावर येऊन बसला आहे. दुसरे, दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, निघतो म्हणाले आहेत. चार वाजता माझा मुलगा सुताराला घेऊन येणार आहे. त्याच्या आत हा कागद पुरा व्हायला हवा.

कलम १. जागेविषयी. आमच्या वडिलांनी ही जागा घेतली तेव्हा ती एकच लांबलचक खोली होती. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला नळ. पुढे आम्हा दोघा भावांची लग्ने झाली आणि मधे प्लायवूडची भिंत आली. चिठ्ठ्या टाकल्या. खिडकी माझ्याकडे आली, नळ धाकट्याकडे गेला. मग भिंतीच्या तळाशी भोक पाडून त्याच्या नळाची रबरी नळी माझ्या पिंपात सोडली, आणि वर छताखाली एक लाकडी झडप बसवली. तिच्यातून माझ्या खिडकीचा वारा त्याच्याकडे जातो. नळाची तोटी त्याच्या बाजूला, झडपेची दोरी माझ्या बाजूला. दोरी मी स्वतः वळलेली आहे, पुस्तके शिवायच्या मेण लावलेल्या दोऱ्याची. इतकी वर्षे झाली, तिचा पीळ सुटलेला नाही.

रागावल्यावर काय करायचे ते त्यामुळे दोघांच्याही हाताशी आयते होते. तो नळ बंद करी, मी झडप. बायका होत्या तोवर हे संध्याकाळपर्यंतही टिकत नसे. त्यांची भांडी इकडून तिकडे जात, आणि भांड्यांमागोमाग आमचे बोलणे. आता दोघीही नाहीत. राग लांबतो.

कलम २. आजच्या घाईचे कारण. गेल्या महिन्यात एका भर दुपारी मी हातोडीने जुन्या शब्दकोशाची पाठ ठोकत बसलो होतो. पलीकडून आवाज आला, "दादा, जरा डोळा लागू देशील की नाही?"

धाकटा बसमध्ये कंडक्टर होता. मी म्हणालो, "तू जन्मभर लोकांच्या कानाशी घंटी वाजवलीस, तेव्हा कोणाचा डोळा लागत होता?"

माझ्या पिंपातली नळी कोरडी पडली. ती अजून कोरडीच आहे. झडप मात्र मी या वेळी मिटली नाही. सूनबाई रोज तळमजल्यावरून बादल्या आणते. लिफ्ट चालू असेल तर लिफ्टने, म्हणजे जिन्यानेच.

काल मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही दवाखान्यातून याल तेव्हा खोली गार हवी. एसी लावून घेतोय. पण ती झडप बुजवावी लागेल."

"अरे, त्याला दमा आहे."

"मग? बिल आपण भरायचं आणि गारवा काकांनी खायचा? हिची कंबर गेलीय बादल्या वाहून. काकांनी एकदा तरी विचारलं, पोरी, दुखतंय का म्हणून?"

तोंडी मी त्याच्यापुढे टिकत नाही. मला नेमके उत्तर सुचते तेव्हा तो ऑफिसात पोचलेला असतो. म्हणून हा कागद. सुताराने हातोडी उचलण्याआधी मी तो त्याच्या हातात ठेवणार आहे. मुलगा वाईट नाही, हे येथे मुद्दाम नोंदवतो. पण धाकट्याच्या खोलीला दुसरी खिडकी नाही. दार उघडते ते अंधाऱ्या बोळात. त्याची खाट झडपेच्या बरोबर खाली आहे आणि त्याचा श्वास मला प्लायवूडमधून ऐकू येतो. आत घेताना शिट्टी, सोडताना करवतीसारखी घरघर. आज सकाळपासून शिट्टी मोठी आहे.

इस्त्रीवाला विचारतो, "आजोबा, लिहिताना मोठ्यानं वाचता कशाला?" शाळेची सवय. मोठ्याने वाचल्याशिवाय मला अक्षर पटत नाही.

कलम ३. माझ्या हिश्शाची खोली मुलाला द्यावी, पण एका अटीवर. माझा धाकटा भाऊ हयात असेतोवर ती झडप बुजवू नये, खिळ्याने, फळीने किंवा कागद चिकटवूनसुद्धा. बुजवल्यास खोली परगावी असलेल्या माझ्या मुलीकडे जावी. ती भावापेक्षा मऊ बोलते आणि त्याच्यापेक्षा कडक वागते, हे तो जाणतो.

कलम ४. बँकेत जे काही असेल ते सूनबाईला. मुलाला नाही. बादल्या मुलाने वाहिलेल्या नाहीत.

कलम ५. अवजारे व पुस्तके. पुठ्ठे कापायचे यंत्र आणि दाबाचा लोखंडी प्रेस समोरच्या वाचनालयाला, उचलून नेण्याची हिंमत असल्यास. दाभण, सुया, मेणाचा गोळा आणि कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी मुलीला. लहानपणी ती पट्टी गालाला लावून बसायची, गार लागते म्हणून. तिलाच कवितांचा तो जाड ग्रंथही. बांधणीला येणाऱ्या फाटक्या क्रमिक पुस्तकांतली जी पाने कोणालाच नको असत, त्यांतल्या कविता मी गोळा करत गेलो आणि शेवटी कापडी पाठीत बांधल्या. पहिल्याच पानावर ती आहे, जी आम्ही दोघे भाऊ एकाच बाकावर बसून शिकलो. एका बाईंच्या हाताखाली दोन इयत्ता एकत्र असत.

कुठून येतो वारा बाई, कुठे तयाचे गाव?
पानांनाही पुसून पाहा, न सांगती ते नाव.

समोरच्या शाळेतली मुले आता दुसऱ्याच कविता म्हणतात, पण चाल तीच. ती चाल, बेकरीच्या भट्टीचा वास आणि वळणावर बस वळली की माझ्या छतावरून सरकणारा तिचा उजेड, ही माझी स्थावर मिळकत. ती कोणाच्या नावे करता येते का, हे वकीलबाईंना विचारायचे राहिले.

कलम ६. राग. हेही वाटून टाकणे बरे. वरच्या मजल्यावरच्या ताईंचे ओले कपडे माझ्या वाळत घातलेल्या पुठ्ठ्यांवर वर्षानुवर्षे ठिबकले. "काका, पाणीच आहे ते, शाई नाही काही!" त्यांना मी माफ केलेले आहे, पण त्यांना ते कळवू नये. जिन्यातला दिवा न लावता वीज वाचवणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींना माझ्या गुडघ्याचा एक्स-रे द्यावा. ज्यांनी नवा केलेला रस्ता पुढच्याच महिन्यात खणला, त्यांच्यावरचा राग मी सोबत नेत आहे.

येथे लिहिणे थांबले. जिन्यातून मास्तरांची हाक आली. ते लिफ्टने निघाले होते. एका मजल्यासाठी लिफ्ट. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आहे.

इस्त्रीवाला बोळातून ओरडला, "मास्तर, तुम्हाला दिसतंय का काही?"

"भिंत दिसते! माझी सही इथूनच घ्या, मी जाळीतून हात काढतो!"

"तिथून आजोबांची सही दिसायला हवी म्हणे!"

"मग त्यांनाच खाली आणा!"

लिफ्टवाल्याला फोन केला. तो येतोय म्हणाला. तो येतोय म्हणणे व तो येणे यांच्यामध्ये आजवर ऋतू बदललेले आहेत. साडेतीन होऊन गेले. इमारतीत या वेळी कोण असते? सूनबाई कामावर. ताईंचे दार बंद. इस्त्रीवाला म्हणतो, "इस्त्री तापत ठेवून आलोय, आजोबा. लोकांचे सदरे जळतील." उठतो आणि माझ्याकडे बघून पुन्हा बसतो.

कलम ७. माझ्या धाकट्या भावास: झडपेची दोरी, जेणेकरून झडप उघडणे व मिटणे यापुढे त्याच्या हाती राहील, आणि पुस्तकाची पाठ ठोकण्याची माझी हातोडी, म्हणजे ती पुन्हा वाजणार नाही.

हे मोठ्याने वाचून संपवले आणि झडपेतून आवाज आला.

"दादा, मी करतो सही."

महिन्याभरातले पहिले वाक्य. मी म्हणालो, "तुला करता येत नाही. तुला कलम सातमध्ये मिळतंय."

"ऐकलं. तू शाळेत असल्यापासून सगळ्या मजल्याला ऐकवतोयस. नको मला तुझी दोरी. सही घे आणि कागद पोराच्या हातात दे."

"आणि उद्या मी नसताना कोणी दोरी ओढून झडप मिटली तर?"

आधी त्याची शिट्टी आली. मग, "मग काय. शेवटचा थांबा आला म्हणायचं, उतरायचं."

हे वाक्य त्याने एका दमात म्हटले नाही. 'उतरायचं' म्हणायला त्याला वेगळा श्वास घ्यावा लागला. इस्त्रीवाला माझ्याकडे बघत नव्हता, झडपेकडे बघत होता.

मी लेखणी खाली ठेवली, इस्त्रीवाल्याला उठवले आणि त्याच्या स्टुलावर चढलो. हृदय बिघडलेल्या माणसाने स्टुलावर चढू नये. इस्त्रीवाल्याने माझे दोन्ही घोटे धरले आणि "आजोबा, माझ्यावर येईल हे," असे तो सारखे म्हणत राहिला. दोरीची माझ्या बाजूची गाठ सुटेना. माझ्याच हातची गाठ. छातीत काहीतरी आवळले, मी थांबलो, पुन्हा नख घातले. पलीकडे खाट करकरली; तोही उभा राहिला होता.

"दादा, उतर खाली. येड्यासारखं करू नकोस."

"पुढे सरक. हात वर कर."

गाठ सुटली. दोरी झडपेवरून पलीकडे टाकली, तिच्या मागून हातोडी, दांड्याकडून. त्याचा हात मला दिसला. किती बारीक झाला आहे. त्या हाताने आधी दोरी घेतली नाही, आधी माझी बोटे धरली.

कलम ७ खोडले आहे व शेजारी सही केली आहे. कारण, त्यातले सर्व देऊन झाले. आता धाकट्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. कलम ३ ची अट माझ्या मुलासाठी आहे, त्याच्यासाठी नाही. तरी वकीलबाईंनी एकदा पाहावे.

तो बोळातून फिरून आला. दारातून खिडकीपर्यंत यायला त्याला दोनदा थांबावे लागले. खिडकीच्या कठड्याला धरून उभा राहिला आणि तोंड उघडून वारा प्यायला, तहानलेला माणूस पाणी पितो तसा. मग म्हणाला, "ती कविता अशी नव्हती. पानांनाही तिकीट द्या, मग सांगती ते नाव."

"याच ओळीवर बाईंनी तुला बाकावर उभं केलं होतं."

"तुला पण केलं होतं. हसलास म्हणून."

जिन्यावर मुलाचा आवाज येतो आहे. शिडी कठड्याला आपटत वर चढते आहे. लिफ्टमधून मास्तर त्याला सांगत आहेत की वर फार महत्त्वाचे काम चालले आहे, पळ. मी इस्त्रीवाला व धाकटा या दोघांच्या देखत सही करत आहे. अक्षर माझेच आहे.

ठिकाण: खिडकीजवळ.
तारीख: दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी, चारच्या आत.

(सही) मृत्युपत्र करणारा, पुस्तकबांधणीवाला

साक्षीदार पहिला: (सही) इस्त्रीवाला, तळमजला. यांनी माझ्यासमोर सही केली. स्टुलावर चढले त्यात माझा दोष नाही.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ, नळाकडची खोली. दादाने माझ्यासमोर सही केली. दोरी पोचली, आखूड आहे. पिंप भरत आलं की हाक मार, तोटी सोडून आलोय.