मागच्या शॉकचा बोल्ट

४ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. फोनवर तू नुसता हूं हूं करतोस, म्हणून लिहिते. कागदाला हूं म्हणून सुटता येत नाही.

तू दिवसभर कारखान्यात, म्हणून तुझ्या लेकीला माझ्याकडे आणलं, त्याला पाच महिने झाले. भिंगरीचं सायकलवरून पडून मोडलेलं खुब्याचं हाड जुळलं, कुबड्या सुटल्या. पण ती बोलत नाही. माझ्या हातून दोनदा दूध उतू गेलं, तरी एक टोमणा नाही. यावरून काय ते समज.

तिची डोंगरउताराची सायकल तू ‘विकून टाक’ म्हणून पाठवलीस. विकण्याआधी वस्तू तपासायची, ही माझी खोड. मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकच्या मोडक्या बोल्टच्या जागी तात्पुरता दुसरा घातला, सीट धरून मागची बाजू हलकेच उचलली आणि दुसऱ्या हाताचं बोट शॉकच्या खालच्या टोकावर ठेवलं. बोटाखाली टक् झालं. चाक जमिनीवरून सुटायच्या आधीच सीट दोन मिलिमीटर वर येत होती. शॉक उतरवला. तो धड आहे. त्याच्या खालच्या भोकातलं कडं, म्हणजे बुश, मात्र झिजून लांबट झालंय, आतल्या पिनवरही चरे पडलेत. ही महिनोन्‌महिन्यांची झीज आहे.

आता मोडका बोल्ट. बत्तीस वर्षं मी पदार्थविज्ञान शिकवलं आहे. त्याची मान आट्यांपाशी बारीक झालीय. म्हणजे मोडण्याआधी तो ताणला गेला होता. कोणीतरी तो आवळत राहिलं होतं. तुमच्या घरात पाना-पक्कड कोण वापरतं, हे मी विचारत नाही.

तू मात्र इस्पितळात सांगितलंस, की पोरीला वेग आवरला नाही. तिच्या सायकल संघाच्या प्रशिक्षकांनाही तेच. त्यांनी तिला बेदरकार ठरवून संघातून काढलं, आणि ती ते खरं मानून बसलीय. आठ दिवस देते. तू सांग, नाहीतर मी सांगेन.

लोभ आहे म्हणूनच हा धाक.
ताई

११ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. या वेळी खरोखर जमिनीला नाक लावून.

तू ओळखलंस. तिने तीनदा सांगितलं होतं, की बाबा, मागे खडखडतंय. मी जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस; मला पोरीने शिकवावं? बोल्ट ढिला असेल म्हणालो आणि आवळला. दोन दिवस आवाज बंद. परत आला, परत आवळला. तिसऱ्यांदा जोर यावा म्हणून पान्याला पाइप लावला. शेवटच्या पिळाला बोल्ट हाताला मऊ लागला. तो तुटायला आलाय, हे तेव्हाच मला कळलं होतं, ताई. उद्या बदलू म्हणालो. उद्या ती उतारावर गेली.

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. वेगात होती, असं तोंडातून निघून गेलं. मग तेच धरून बसलो.

सोबतचं बंद पाकीट तिला दे. सगळं लिहिलंय. नवा बुश आणि मी कातलेली पिन पाठवतोय. बोल्ट दुकानातला आहे, त्याला माझा हात लागलेला नाही.

रागव, पण टाकू नकोस.
धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, उरलेत तेवढे.

तिने पाकीट उभ्यानेच वाचलं. मग मला विचारलं, की आत्या, तुला कधीपासून माहीत होतं? पंधरा दिवस, म्हणाले. त्यावर दोन दिवस माझ्याशीही अबोला. तो माझ्या वाट्याचा, तुझ्यावर लोटत नाही.

काल टेबलावर वर्तमानपत्र पसरून कामाला बसलो. व्हाइसच्या जबड्यांत शॉक धरला. एका बाजूने नवा बुश, दुसऱ्या बाजूला पोकळ नळकांडं. जबडे आवळले, नवा आत सरकला तसा जुना बाहेर पडला. बोल्ट तिने आवळला, जोर मोजणारा पाना मागून आणून. ठरल्या मापाला पाना वाजला आणि तिने हात काढून घेतला. मी म्हटलं, अजून थोडा? तिने माझ्याकडे असं पाहिलं, की वर्गातल्या मुली मला का घाबरायच्या ते कळलं.

सीट उचलून पाहिली. काही हललं नाही. सायकल विकायची नाही, म्हणाली. तिची चिठ्ठी सोबत आहे. मी वाचलेली नाही.

जेवत जा. उपाशी राहून काही फिटत नाही.
ताई

ती. बाबांस,

नमस्कार.

वळणाआधी मी ब्रेक दाबला होता. दोन्ही. मला आठवत होतं. पण तुम्ही ‘वेगात होती’ म्हणालात, तेव्हा वाटलं, बाबा चुकणार नाहीत, माझंच डोकं आपटलंय. पाच महिने मी माझीच आठवण खोटी धरून चालले.

पिन नेमकी बसली. तुमच्या हाताबद्दल मला कधी शंका नव्हती.

माफीचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. मला लिहिलंत ते सगळं प्रशिक्षकांना लिहा, बोल्ट मऊ लागला होता तेसुद्धा. मला उत्तर पाठवू नका. आधी त्यांचं येऊ दे.

भिंगरी