लेकीची नजर-तपासणी

३ मार्च, सोमवार
दातांच्या डॉक्टरकडे ताटकळताना एका मासिकात अ‍ॅस्पर्जर सिंड्रोमवर लेख वाचला. नजरेला नजर न देणं, प्रत्येक शब्द शब्दशः घेणं, एकाच विषयाचा ध्यास, गोंगाट सहन न होणं. थेट आमची मुलगी. वय चोवीस, पाट्यांच्या कारखान्यात अक्षरं आखते. इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नाही? आलं होतं. शब्द माहीत नव्हता, एवढंच. शेवटी लिहिलंय, निदान तज्ज्ञांनीच करावं. ते इतरांसाठी. मी तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांत बघतोय.
पान फाडून आणलं.

४ मार्च
बायकोला सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती "हं" म्हणाली. बिचारीला धक्का बसला असणार.

६ मार्च, संध्याकाळी ७
प्रयोग पहिला. लेकीला समोर बसवून म्हटलं, माझ्याकडे बघून बोल. तिने माझ्या कानाकडे बघत विचारलं, काय बोलू? म्हटलं, काहीही. मग दुकानातल्या नजर तपासायच्या तक्त्यावर चौथ्या ओळीतली अक्षरं किती दाटीने छापलीत, ते तिने सांगितलं. पंचवीस मिनिटं. मी जांभई दिली ती दिवसभराच्या थकव्याने.

९ मार्च, रविवार
संकल्प: तिला माणसांची सवय लावायची. सुरुवात वाढदिवसापासून. तिला न सांगता. माझ्या बहिणीकडची अकरा माणसं.

१२ मार्च
ती कामावरून आली, आम्ही दिवे लावले, सगळे ओरडले. ती बाथरूममध्ये गेली, आतून कडी लावली, दिवा बंद केला. बहीण म्हणाली, फार लाडावून ठेवलीयस. मी दाराबाहेरून धीर देत होतो. चाळीस मिनिटं. बायको येऊन हळूच म्हणाली, "आता बोलू नका." मग दाराला पाठ टेकून खाली बसली, एक शब्द न बोलता. थोड्या वेळाने कडी निघाली. माझ्या बोलण्याचा परिणाम व्हायला वेळ लागतो.
पण आत ती कण्हत होती. तसा आवाज ती लहान असताना ऐकला होता. तेव्हा मी रागावलो होतो.

१३ मार्च
चूक बहिणीची. इतक्या मोठ्याने ओरडायचं ठरलं नव्हतं.

१६ मार्च, रविवार
आज सगळं शांतपणे सांगायचं ठरवलं. मासिकाचं पान तिच्यापुढे ठेवलं. तिने पूर्ण वाचलं, छपाईची एक चूक दाखवली. मग म्हणाली, "बाबा, मला डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय. आई सोबत आली होती."
मला का नाही सांगितलं, असं विचारलं. तिला खोटं बोलता येत नाही.
"सांगायला लागले होते. तीनदा. तुम्ही मधेच बोलता."
ती आणखी काही म्हणणार होती, पण आधी माझा खुलासा होणं गरजेचं होतं.

३० मार्च, रविवार
ती कारखान्याजवळ खोली घेऊन राहायला गेली. मी खोकी उचलली. कुठलं आधी न्यायचं ते प्रत्येकावर लिहिलेलं होतं, असं नंतर कळलं. जाताना म्हणाली, पुढच्या रविवारी चार ते साडेचार या, एक गोष्ट सांगायची आहे. आईला नाही, मला बोलावलं. नोंद असावी.

६ एप्रिल, रविवार
साडेतीनलाच पोहोचलो. जिन्यात उभा राहून शब्द जुळवले: माझं चुकलं, मी बदललोय, यापुढे फक्त ऐकणार. चारला तिने दार उघडलं. सगळं बोललो, कुठेही अडखळलो नाही. मधे दोनदा तिने तोंड उघडलं, पण माझा मुद्दा सुटला असता. साडेचारला ती उठली, वेळ झाली म्हणाली आणि दार उघडून उभी राहिली.
रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, तिला काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. मान वर करून बघितलं. तिची खिडकी कुठली, तेही विचारलं नव्हतं.