दोन खोल्यांतली सर्वांत लहान

३ मार्च

चि. ठमीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्याकडे कायमचं राहायला यायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, म्हणून हा म्हातारा सुतार शिकवणीला जातोय. परवा बाईंनी घरातल्या खोल्यांची तुलना करायला सांगितली. मी मागच्या खोलीला 'द स्मॉलेस्ट' लिहिलं. बाईंनी लाल काट मारली. दोनच असल्या तर 'स्मॉलर', 'स्मॉलेस्ट' म्हणायला निदान तीन हव्यात म्हणे. मी बोलून गेलो, मग बरोबरच आहे की! सगळा वर्ग हसला.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला. घरी येऊन टेप लावली. घर लांबीला बाहेरून एकतीस फूट, आतून भिंती धरून पंचवीस. चाळीस वर्षं लोकांची घरं मापली, स्वतःचं राहूनच गेलं बघ.

तब्येतीला जप. माया आहे तेवढी राहू दे.
तुझे बाबा

११ मार्च

ती. बाबांना, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू आटलं. मी त्या घरात लहानाची मोठी झाले. पुढची खोली आणि मागची, संपलं घर. तिसरी असती तर लपाछपीत तुम्हाला कधी सापडलेच नसते. टेप जुनी आहे, ताणली असेल. नवी घ्या.

जेवण वेळेवर करता ना? परीक्षा दोन आठवड्यांवर आली. व्याकरण पाठ करा, भिंती ठोकत बसू नका. आई असती तर तुमचा कानच पकडला असता. तुमची खोली इथे रंगवून तयार आहे.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची ठमी

२० मार्च

चि. ठमीस, आशीर्वाद.

टेप नवी आणली. माप तेच. मागच्या खोलीतली फळ्यांची भिंत पोकळ वाजली, म्हणून दुपारी दोन फळ्या काढल्या. आत खोली आहे. धूळ नाही, जळमट नाही, ताज्या भुशाचा वास. आणि एक पलंग. सांधे माझ्या हातचे. मी खुंटी जरा तिरकी ठोकतो, तुझी आई चिडवायची, तशीच तिरकी. पण हा पलंग केल्याचं मला आठवत नाही.

आडवा होऊन पाहिलं. दोन गोष्टी सारख्या असल्या की 'ॲज लाँग ॲज' म्हणायचं, असं बाईंनी शिकवलंय. तर पलंग माझ्याएवढाच आहे, बोटभर लांब नाही की आखूड नाही. इतकी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. परीक्षेला जावंसंच वाटेना.

पोरी, समजून घे.
बाबा

२ एप्रिल, मागच्या खोलीतून

ती. बाबांना, सा. न.

मी आलेय. तुमच्या चपला दाराशी आहेत, कप धुऊन पालथा घातलेला आहे, तुम्ही मात्र कुठेच नाही. बाईंकडे जाऊन आले. तुम्ही परीक्षेला बसलाच नाहीत म्हणाल्या. फळ्यांची भिंत अखंड आहे, एकही खिळा हललेला नाही. तुमच्याच नव्या टेपनं मापलं. आतून पंचवीस, आणि बाहेरूनही पंचवीस. खोल्या दोनच आहेत, बाबा.

पण आत रंधा फिरतोय. मी ऐकतेय. हा कागद फटीतून सरकवते. आवाज द्या.
ठमी

ता. क. कागद आतून ओढला गेला आणि थोड्या वेळानं परत आला. त्यावरच हे लिहितेय. 'दोनच' खोडून वर सुतारी पेन्सिलीनं 'तीन' केलंय. अक्षर तुमचंच. तुमच्या पेटीतून हातोडी आणि पटाशी घेतलीय. भिंतीपासून जरा लांब सरका, बाबा, ढलप्या उडतील.