वारा कुठला?

३ मार्च
आजपासून आळस बंद. पंधरा दिवसांत मॉडेल पूर्ण. प्लांटमधून किरणोत्सर्गी धूळ सुटली तर वाऱ्यानं कुठे जाईल, आधी कुठली वस्ती हलवायची, सगळं माझ्या नकाशावर. साहेब म्हणाले, कुणाकडून तरी तपासून घ्या. माझं तपासणार कोण?

९ मार्च
वेधशाळेच्या तक्त्यात पानोपान 'वारा: पश्चिमेचा'. म्हणजे पश्चिमेला जाणारा. सरळ आहे. पश्चिम लाल, पूर्व हिरवी. (आमचं घर लाल भागात. पण मी पक्षपात करत नाही.)

१३ मार्च
वेधशाळेच्या बाईंचा फोन. नकाशा उलटा वाटतोय म्हणे. अर्ध्या हळकुंडानं पिवळ्या! थर्मामीटर वाचणाऱ्यांनी मला शिकवू नये, असं सुनावलं आणि फोन ठेवला. बरं वाटलं.

१५ मार्च
नकाशा मंजूर. बायको म्हणते, चिमणीचा धूर आपल्याकडे कधीच येत नाही, रोज पलीकडे जातो. तिला म्हटलं, डोळ्यांनी बघून विज्ञान होत नाही.

२२ मार्च, सकाळी ७.१०
भोंगा! फिल्टर फुटला. वाईट झालं, पण मॉडेलची परीक्षा होईल.

सकाळी ९
पश्चिमेची सगळी वस्ती बसनं पूर्वेच्या मैदानावर. बायको आणि आमची लेक छकुली पहिल्याच बसमध्ये. बायको दारं-खिडक्या लावून घरीच थांबू म्हणत होती. हाताला धरून चढवली. साहेबांनी पाठ थोपटली.

दुपारी १
मैदानावर मीटर वेड्यासारखा चढतोय. बॅटरी गेली असणार.

दुपारी १.२०
बॅटरी बदलली. दुसरा मीटरही बिघडलेला. खरेदी विभागाची तक्रार करायची.

दुपारी २
तिसराही.

दुपारी ३
वेधशाळेच्या बाई स्वतः आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, माहेरची माणसं म्हणजे माहेराहून आलेली ना? तसाच पश्चिमेचा वारा. तक्त्यात स्पष्ट लिहायला हवं होतं, हे मी त्यांना सांगितलं. सगळ्यांना परत बसमध्ये घातलं. छकुली सकाळपासून मैदानावर पळापळी खेळत होती.

२९ मार्च
डॉक्टर म्हणाले, छकुलीचा गळा, थायरॉइडसाठी, दर सहा महिन्यांनी तपासायचा. बायकोनं विचारलं, किती वर्षं? आयुष्यभर, म्हणाले.

छकुलीचे कपडे आणायला घरी गेलो. मीटर बरोबर होता, म्हणून मोजलं. गॅलरी, स्वयंपाकघर, छकुलीची गादी. कुठेच काही नाही. दोनदा मोजलं.