नमुन्याचं ताट

आई, आज सकाळी सुनेनं ज्वारी चाळायला घेतली. चाळणीच्या कडेवर पोरकिडे चढताना दिसले आणि मला तिथंच ओकारी आली. सून म्हणाली, वयामुळं होतं असं. तिला काय सांगू, की नगरच्या त्या इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगमधल्या भाकरीचा वास पन्नास वर्षांत माझ्या नाकातून गेलेला नाही. म्हणून तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच, तेव्हा भीड ठेवायचं कारण नाही.

लढाईचे दिवस होते. बोर्डिंगच्या पोरांसाठी रेशनची ज्वारी यायची, जाळी धरलेली, कुबट. तू स्वयंपाकीण. पहाटे उठून पाखडायचीस, तरी भाकरीत काळे ठिपके राहायचेच. मिरजगावची, पाथर्डीची पोरं ते नखानं उकरून ताटाच्या कडेला ओळीनं मांडत आणि उरलेलं गिळत. वर जेवणाआधी उभं राहून इंग्रजीतून प्रार्थना, मिळालेल्या अन्नाबद्दल आभार मानणारी. किड्यांपेक्षा मला त्या प्रार्थनेचीच जास्त शिसारी यायची. पोरांचं अन्न बोर्डिंगच्या साहेबांनी रोज चाखून वहीत सही करायची असा नियम होता. त्यासाठी शाळेची घंटा व्हायच्या आधी एक ताट मैदानापलीकडं त्यांच्या बंगल्यावर जायचं. नमुन्याचं ताट. त्यातली भाकरी मात्र साहेबांच्याच कोठीतल्या बाजरीची, भाजीवर तेलाचा तवंग. तू ते वेगळं रांधायचीस आणि मी न्यायचे. साहेब दोन घास खात, मिशा पुसत आणि वहीत 'गुड' लिहीत. त्यांचं ते गुड बघून मला इंग्रजीचाच वीट यायचा, आणि तेच शिकायला तू मला त्या शाळेत घातलं होतंस. स्वयंपाकिणीच्या पोरीला नादारी मिळाली, फी माफ झाली, याचं तुला केवढं अप्रूप.

उरलेलं ताट मी परत आणायचे. तू मला चुलीमागं बसवून ते उष्टं खायला लावायचीस. "गप खा. पोरांम्होरं बोलायचं न्हाई," एवढंच म्हणायचीस. साहेबांनी बोटं बुडवलेली भाजी मी शेवटाला ठेवायचे, पण खायचे.

मी इंग्रजी तिसरीत होते तेव्हाची गोष्ट. वरांड्यात पोरांच्या भाकरीची दुरडी होती. वाढायची पाळी पाथर्डीच्या एका पोराची, तो पाण्याला गेलेला. बंगल्यावर न्यायचं ताट तिथं टेकवून मी त्यातली बाजरीची भाकरी परकराच्या घोळात लपवली आणि दुरडीतली वरची ताटात ठेवली. साहेबांच्या दाताखाली किडा आला. ते माझ्या पायाशीच थुंकले. मग चौकशी बसली. त्या पोरानं पूर्वी निबंधाच्या वहीत भाकरीतल्या किड्यांबद्दल लिहिलं होतं, हेडमास्तरांनी ते पान फाडलं होतं, त्यामुळं संशय त्याच्यावरच गेला. हा किडा पोरांच्या ताटात रोज असतो, त्याचं काय, हे त्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकानंही विचारलं नाही.

तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "ताटाला कुनी हात लावला हुता का?" मी त्या पोराचं नाव सांगितलं. नादारी जाईल, तुझं काम जाईल, एवढंच मला कळत होतं. मग तू साहेबांपुढं हात जोडलेस आणि म्हणालीस, "त्यानंच केलं साहेब. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं."

तू काहीही बघितलं नव्हतंस. त्याचं नाव शाळेतून काढलं. वळकटी डोक्यावर घेऊन तो भिंगारच्या रस्त्यानं पाथर्डीकडं चालत निघाला, पण आधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "येतो मावशी." तू त्याला दोन भाकरी बांधून दिल्यास, त्याच ज्वारीच्या. त्यानं त्या कपाळाला लावून घेतल्या. त्या दिवसापासून मला तुझी किळस वाटायला लागली. मी मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले, तुला घरी आणलं, शेवटपर्यंत तुझं सगळं केलं, पण तुझ्या हातचं जेवताना दर वेळी ते हात साहेबांपुढं जोडलेले दिसायचे. तुला ते कळत असणार. तू कधी विचारलं नाहीस.

हे पत्र मी ज्वारीच्या डब्याच्या तळाला घातलेल्या कागदाखाली सरकवून ठेवीन. घरी मी ही गोष्ट नातवंडांना सांगते, पण माझ्या सोयीनं. पोरांची दया येऊन, साहेबांचे डोळे उघडावेत म्हणून मी भाकरी बदलली, असं सांगते. त्यात पाथर्डीचा पोरगा नसतोच. पोरं टाळ्या वाजवतात. तुला खरं सांगते. त्या आठवड्यात साहेब ताट पुसून खायला लागले होते, माझ्यासाठी काही उरत नव्हतं. ती बाजरीची भाकरी मी शाळेच्या भिंतीमागं बसून एकटीनं खाल्ली. अजून ऊन होती, आणि तिला साहेबांची बोटं लागलेली नव्हती.