देवीची पाठवणी झाल्यावर

वडगाव रासाई
३ मार्च १९९८

ती. मच्छिंद्रदादास धाकट्या सुषमाचा शि. सा. न. वि. वि.

दादा, हसू नकोस, मला कांजिण्या आल्यात! कराटेवाली तुझी बहीण कडुलिंबाच्या पाल्यावर निजून हाय. सासूबाई म्हणतात, घरात देवी आल्यात. फोडणी बंद, ह्यांची दाढी बंद, आन् मी मागेन ते कुणी नाकारायचं न्हाई. काल उगाच कलिंगड म्हटलं, तर मामंजी तसेच उठून शिरूरला गेले.

जीव तळमळतो तो दौंडच्या परीक्षेसाठी. लग्नाआधीपासून काळ्या पट्ट्याची वाट बघतेय रे. पण घरात अजून विचारलंच न्हाई. गोठ्यामागं हातपाय हलवताना सासूबाईंनी एकदा पाहिलं, तर आठवडाभर बोलल्या न्हाईत.

वहिनीला नमस्कार. आठवण ठेव.

तुझी,
सुषमा

दौंड
६ मार्च १९९८

चि. सुषमास दादाचे पोटभर आशीर्वाद.

अगं येडे, परीक्षा बावीसला हाय, तवर खपल्या पडतील. आन् कलिंगड कसलं मागतेस? देवी अंगावर हायेत तवर परीक्षा माग की! सासूबाईंची न्हाई म्हणायची टाप हाय का? असा मोका पुन्हा न्हाई. खाजवू नकोस, तोंडावर वण राहतील.

जिवाला जप, बाकी माया हायेच.

तुझा,
दादा

वडगाव रासाई
१५ मार्च १९९८

चि. मच्छिंद्ररावांना सुषमाच्या सासूचा, तुळजाबाईचा आशीर्वाद.

चौथीपुरतं अक्षर हाय, सांभाळून घ्या. काल सुषमाला कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, दहीभाताचा निवद दाखवून देवीची पाठवणी केली. सगळं उरकल्यावर पोरगी माझ्यापाशी बसली आन् मग परीक्षेचं बोलली. मी म्हटलं, अगं बये, सकाळी मागितलं असतंस तर मला न्हाई म्हणता आलं असतं का? तर म्हणाली, देवीच्या धाकानं नको होतं, तुमच्याकडून हवं होतं. मग तुमचं पत्र वाचून दाखवलं. दोघी लई हसलो. मला तर रडूच आलं.

बाईमाणसानं लाथा मारणं मला अजून पटत न्हाई, खोटं कशाला बोलू? पण आज गोठ्यामागची जागा मीच झाडून दिली. दूध-अंडी चालू हायेत. तिचा पांढरा ड्रेस इस्त्री करून ठेवा. बावीसला आम्ही दोघी येतोय. मला बसायला पुढं जागा धरा.

अशीच माया राहू द्या.

तुळजाबाई