लांडग्यांची बाजू माझ्याकडे

५ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ६.
आजपासून राक्षस माझ्याकडे.
हा खेळ स्नेहलने पुण्याच्या हॉस्टेलवरून आणला. स्नेहल म्हणजे माझी भाची, मंचरात मेडिकल चालवते. ती एक गोष्ट रचून सांगते, बाकीचे तिघे त्या गोष्टीतले वीर होतात आणि फासे टाकून राक्षसांशी लढतात. चार महिने हे माझ्या डायनिंग टेबलावर चाललंय. टेबल माझं, चहा माझा, आणि मी आपली आत बसून त्यांचं खिदळणं ऐकायची.
स्नेहलचे राक्षस एकेक करून पुढे यायचे, मार खायचे आणि मरायचे. रेशनच्या दुकानातसुद्धा लोक इतक्या शिस्तीने उभे राहत नाहीत. आज राहवलं नाही. बाहेर येऊन सांगितलं, याला लढाई म्हणत नाहीत. स्नेहल म्हणाली, मग मावशी, तूच चालव.
चालवते. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला हातातलं काम नीट करायला शिकवलंय.

८ जानेवारी, बुधवार.
तीन दिवस अभ्यास. निष्कर्ष: राक्षसालाही जीव प्यारा असतो. तो उघड्यावर येणार नाही. आणि जखमा बऱ्या करणारा जो असेल त्याला सर्वांत आधी लोळवायचं. आपल्यात तो रामदास, मेंढपाळ.
पोरांना थ्रिल मिळेल. आयुष्यात त्यांना दुसरं आहे काय?

१२ जानेवारी, रविवार. रात्री.
प्रचंड यश. माझे गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, झाडांमागून बाण मारत, जागा बदलत, पुन्हा बाण मारत. तीन तासांत वीरांना एका गॉब्लिनचा एक कान दिसला. नंदा (पार्लरवाली, खेळात तलवारबाज) दोनदा म्हणाली, आता घरी गेलं तर चालंल का? सस्पेन्स सहन होईना तिला. आदेश पारगावच्या साखर कारखान्यात केमिस्ट आहे. म्हणाला, मॅडम, यापेक्षा नाईट शिफ्ट बरी. कौतुकाची त्याची हीच पद्धत असावी.
आज खिदळणं नव्हतं. एकाग्रता वाढली.

१४ जानेवारी, मंगळवार.
संक्रांत. रामदास तिळगूळ घेऊन आला. घर निरगुडसरचं, पण मेंढरं सध्या मंचरजवळच एका वावरात बसवलीत. शांत माणूस, चाळिशीचा. टेबलावर बोलतो तेव्हा बहुतेक कुणाची तरी जखम बरी करत असतो.
मी सहज विचारलं, खरे लांडगे कसे येतात? म्हणाला, "एक जण म्होरं दिसतो. मुद्दाम. कुत्री तिकडं पळत्यात, माणसं बी पळत्यात. तवर दुसरा मागनं येतो." दोन वर्षांपूर्वी अशीच त्याची अकरा कोकरं गेली. म्हणाला, "मीच पळालो व्हतो म्होरं. माझ्या आयला आजून सांगितलं न्हाई." मग बराच वेळ कपात बघत बसला.
तेवढ्यात मी कॅलेंडरच्या पाठीमागे सगळं उतरवून घेतलं. असं कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी ४.३०.
ऐतिहासिक दिवस.
खेळात रामदासकडे एक कोकरू आहे. तलवार नाकारून त्याने ते विकत घेतलं होतं. नाव चंद्री. लढाईत काडीचा उपयोग नाही.
एक लांडगा समोर दाखवला. तिघेही धावले. रामदास सर्वांत पुढे. मागून दुसरा. आठ मिनिटांत चंद्री गेली. एकही नियम मोडला नाही, स्नेहलने तपासून पाहिलं.
रामदासने फासा टेबलावर ठेवला. म्हणाला, "बरोबर हाय. आसंच करत्यात." आणि उठला. अंधार पडायच्या आत गेलं पाहिजे, बिबट्या फिरतोय, असं म्हणाला. तेव्हा चार वाजले होते.
मेंढपाळाकडून अशी पावती मिळणं सोपं नाही. नंदा माझ्याकडे न बघता चप्पल घालत होती. पराभव पचवायला शिकलं पाहिजे या पिढीने.

२६ जानेवारी, रविवार.
कोणी आलं नाही.
आदेश: मिलमध्ये ब्रेकडाऊन. नंदा: नवरीचा मेकअप. रामदास: मेंढी व्यायलीय. स्नेहल: डोकं दुखतंय. एका दिवसात चार कारणं. माझी दहशत बसली आहे, दुसरं काय.
पाच जणांचे पोहे केले होते. दोन्ही बाजूंनी एकटीच खेळले. राक्षस जिंकले.

२९ जानेवारी, बुधवार.
दवाखान्याच्या रांगेत कुशाबाई भेटली, रामदासची आई. गुडघा दाखवायला आली होती. म्हणाली, "शनवारी तुमची भाची येती की आमच्या मेंढरांच्या वाड्यावर. त्यो कारखान्यातला आन ती पार्लरची बी. ताडपत्रीवर फासं टाकत्यात. बाई, लई हसत्यात."
मी म्हटलं, हो, माहीत आहे.
माहीत नव्हतं.
माझा नंबर आला तो मी सोडून दिला.

३० जानेवारी, गुरुवार. पहाटे ५.
विश्वासघात. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. आंबेगाव तालुक्यात कोण कुणाशी काय बोलतंय हे मला त्या दोघांच्याही आधी कळायचं. आणि माझी सख्खी भाची माझ्या पाठीमागे दुसरा ग्रुप काढते, माझ्याच टेबलावरचा खेळ घेऊन.
ठराव: शनिवारी न कळवता जायचं. भाषण तयार केलंय. इंग्रजीत, कारण राग मला इंग्रजीत जास्त शोभतो. रस्त्याने नाही, मागच्या बाजूने, उसातून शिरायचं. त्यांना सावरायला वेळच द्यायचा नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.
उसातून शिरले. हातांवर ओरखडे.
रामदासची दोन कुत्री मागच्या बाजूलाच बसलेली असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दहा मिनिटं मी बांधावर हलता न येता उभी. शेवटी रामदासच आला आणि मला हाताला धरून वाड्यावर घेऊन गेला. "आय ॲम डीपली" इथपर्यंत आठवलं, पुढचं नाही. मग मराठीत म्हटलं, माझी चूक तरी सांगा. नियमाने खेळले की नाही?
आदेशने पेन्सिलला टोक काढायला घेतलं. ते काढून झालं तरी काढत होता.
रामदास म्हणाला, "मॅडम, तुमचा लांडगा लई खरा व्हता. खऱ्यापासनं आमी रोज मेंढरं राखतो. आयतवारी तरी नको वाटतो." मग हळूच, आई चुलीपाशी होती म्हणून, "ते मी फकस्त तुमालाच सांगितलं व्हतं."
मी म्हटलं, तुला इतकं लागेल हे लक्षात आलं नाही.
आलं होतं. तो कपात बघत होता तेव्हा मी लिहीत होते.
निघते म्हटलं, तर रामदास म्हणाला, "बसा की. उन्हातनं आलाय." नंदाने सरकून जागा दिली. फार नाही, पण दिली.
राक्षस स्नेहलकडेच राहणार. तलवार, जादू यातलंही सध्या काही मिळणार नाही, असं चौघांनी ठरवलं. माझ्यासाठी पाणपोईवरची म्हातारी निघाली. आल्या-गेल्याला पाणी द्यायचं, एवढंच. हिट पॉइंट किती, म्हणजे किती मार खाऊन जिवंत राहीन, असं विचारलं. आदेश म्हणाला, दोन. दोन कोंबडीला असतात.
नाइलाजाने घेतली. मात्र जागा मी निवडली. रांजणाच्या मागे, पाठीला भिंत, समोर पूर्ण रस्ता. वीर आले, पाणी पिऊन गेले. रामदासने दोनदा मागितलं. दिलं.
पाच वाजेपर्यंत रांजणामागे दबा धरून होते. कोणीही हल्ला केला नाही.